मागच्या बाजूचा हेवा

मी एक जुना नकाशा आहे. राज्याचा आहे, फक्त ते राज्य आता नाही. मित्रांनो, यात माझी काही चूक नाही. मी होतो तिथेच टांगलेला होतो. राज्यच उठून गेलं.

माझा जन्म छापखान्यात झाला. अंगावर रंग चढले, मागे मांजरपाटाचं कापड खळीनं चिकटवलं, वर रोगणाचा हात फिरला आणि वर-खाली सागवानी दांडे बसले. जुन्या मध्यप्रदेशाचे सगळे जिल्हे माझ्यावर होते आणि राजधानी नागपूर, लाल ठिपक्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे जिथे मास्तर तयार करतात अशा शाळेत, मी रुजू झालो. चार-पाच वर्षं कचेरीच्या भिंतीवर माझा थाट होता. येणारा पाहुणा ‘वा, काय नकाशा आहे!’ म्हणायचा. जो म्हणायचा नाही त्याची नजर अधू असणार, असं मी धरून चालायचो.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात आम्ही सगळे मुंबई राज्यात गेलो आणि थोड्याच दिवसांत तो आला. नवा नकाशा. कच्छपासून चांद्यापर्यंत ऐसपैस पसरलेला. त्यात यवतमाळ पार उजव्या काठाला, पंगतीत दाराशी बसवलेल्या सोयऱ्यासारखं. पण ते कोण बघतो? त्याच्याकडे समुद्र होता. डाव्या अंगाला निळाशार, वीतभर. माझ्या अख्ख्या अंगावर खाऱ्या पाण्याचा थेंब नाही. जो येई तो त्या निळ्यावर बोट फिरवी. मला साहित्याच्या खोलीत मोडक्या तराजूशेजारी उभं केलं. हेव्यानं माणसं काळवंडतात म्हणे. माझं रोगण पिवळं पडलं.

दोन वर्षांनी शिकाऊ मास्तरांच्या पहिल्या शाळाभेटीची वेळ आली. मास्तर तयार करण्याची रीत अशी, की आधी पाठाचं टाचण लिहायचं, ते आमच्या शाळेच्या नरहर गुरुजींकडून मंजूर करून घ्यायचं आणि मग खऱ्या शाळेत जाऊन तोच पाठ द्यायचा. गुरुजी मागे बसून शेरा लिहिणार. सोबत शैक्षणिक साधन हवंच. साधन नाही तर पाठ नापास. आणि पहिलाच पाठ नापास झाला तर ते वर्ष गेलं.

गुलाबसिंग राठोड दिग्रसकडच्या तांड्यावरचा. तांड्यातून मास्तरकीला आलेला पहिलाच. तो साहित्याच्या खोलीत आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

“ताई, नवा नकाशा पायजे होता.”

खोली सांभाळणाऱ्या विमलताईंनी वही उघडली. “तो तुह्या वर्गातल्या कमलाकरनं कालच नेला. तू झोपून राह्यलता काय?”

“तो तं गावातच राह्यते, ताई. त्याले काय, पायात चपला घातल्या का आला.”

हा स्वर माझ्या ओळखीचा होता. मी दोन वर्षं मनातल्या मनात त्याच स्वरात बोलत होतो.

“मंग हा जुना घेऊन जाय.”

“ह्याच्यात तं राजधानी नागपूर हाय!”

“ते बोटानं झाक अन् शिकव,” विमलताई म्हणाल्या आणि वही मिटली.

तरी मी आनंदात होतो. बाहेर पडायला मिळत होतं. वाटेत नरहर गुरुजी भेटले आणि तो आनंद संपला.

“राठोड, हा नकाशा वर्गात दिसला तर मी तुम्हाला नापास करीन.”

“अन् नकाशाच नसला तं, गुरुजी?”

“तरी नापास करीन,” गुरुजी निर्विकारपणे म्हणाले. “नियम आहे.”

पाठ सोमवारी होता. रविवारी गुलाबसिंग मला खांद्यावर टाकून तांड्यावर गेला. त्याची आई हंसाबाई हिनं मला बाजेवर उलगडलं आणि आजा धावजी वाकून बघू लागला. धावजी लहानपणी वडिलांच्या लदेणीबरोबर हिंडलेला. बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादायचं आणि गावोगाव चालायचं, ती लदेणी. त्यानं मला या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं.

“इतले रंग लावले,” तो म्हणाला, “अन् इहीर एक नाई? बैलांनं पाणी कोठी प्यावं?”

“आबा, हा राज्याचा नकाशा हाय.”

“राज्यातले बैल पाणी नाई पेत काय?”

गुलाबसिंग हातपाय धुवायला गेला, तेवढ्यात म्हाताऱ्यानं मला पालथं केलं. त्याचा समज असा झाला, की रंगाची बाजू ही शोभेची आणि कोरं कापड कामाचं. चुलीतला कोळसा घेऊन तो माझ्या मागच्या बाजूवर वाट काढू लागला. दिग्रस, पुढे आडाण नदी, बैल पलीकडे न्यायचा उतार, दारव्हा. आणि मधे प्रत्येक मुक्कामाची विहीर.

“आबा! काय करून राह्यले? सरकारी हाय तो!”

“मंग सरकारले बी समजू दे, पाणी कोठी हाय ते.”

गुलाबसिंग डोकं धरून बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, की गुरुजींनी मनाई नकाशाला केली होती, त्याच्या मागच्या कापडाला नाही. संध्याकाळी त्यानं गेरू कालवला, कपड्यांची नीळ आणली आणि कोळशाच्या रेघा पक्क्या केल्या. विहिरी निळ्या केल्या. मी तोंड बाजेच्या सुंभात खुपसून पडलो होतो.

सोमवारी दारव्ह्याजवळच्या शाळेत त्यानं मला तोंड भिंतीकडे करून टांगलं. मित्रांनो, जन्मातला माझा पहिला वर्ग, आणि मला दिसला चुन्याचा एक पोपडा.

पण ऐकू येत होतं. आधी बाकं सरकल्याचा आवाज. मग एक मुलगी ओरडली, “गुरुजी, ही इहीर तं माह्या मामाच्या गावची हाय!” मग दुसरं, तिसरं, सगळा वर्ग. बोटं माझ्या मागच्या बाजूवर फिरत होती. मला, एवढ्या जिल्ह्यांच्या मालकाला, असं कधी कुणी हात लावला नव्हता. समुद्राचा हेवा परवडला. तो निदान दुसऱ्याचा होता. स्वतःच्याच मागच्या बाजूचा हेवा करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

एवढ्यात मागून खुर्ची सरकली.

“राठोड, हे टाचणात नाही.” नरहर गुरुजी जवळ आले. पाडा त्याला, असं माझं मन म्हणत होतं. नका पाडू, असंही म्हणत होतं. मन म्हणजे एक मूर्ख वस्तू आहे.

“नेर कुठे आहे?” गुरुजींनी विचारलं. ते स्वतः नेरचे.

“आबाची वाट दारव्ह्यालेच संपते, गुरुजी.”

“संपते कशी? पुढे चिंचेखाली मोठी बारव आहे. आम्ही पोहायचो तिथं.” आणि खिशातली पेन्सिल काढून गुरुजींनी स्वतःच्या हातानं नेरपर्यंत वाट ओढली, बारवेसकट.

शेरा असा: “साधन टाचणाशी विसंगत. सरकारी मालमत्ता विद्रूप. उत्तीर्ण.” कमलाकरही उत्तीर्ण झाला. त्याच्या वर्गानं समुद्रावर बोटं फिरवली.

तेव्हापासून शिकाऊ मास्तर मलाच मागू लागले. मी कितीतरी शाळा पाहिल्या, म्हणजे त्यांच्या भिंती पाहिल्या. साठ साली महाराष्ट्र झाला आणि समुद्रवालाही बाद झाला. मी मनातल्या मनात पेढे वाटले, पण तोंड पुरतं गोड झालं नाही. माझ्यावर जळायचं तर त्यालाही माझ्या मागच्या बाजूवरच जळावं लागणार होतं.

आता माझं कापड बोटांनी विरलं आहे. तांड्यावरच्या शाळेत मास्तर झालेला गुलाबसिंग मला न्यायला आला आहे. समोरून नवं कापड डकवलं, तर मागची बाजू अजून दहा वर्षं टिकेल म्हणतो.

“पण मंग नकाशा झाकून जाईल नं,” विमलताई म्हणाल्या.

“तो कोण पाह्यते, ताई?”

मित्रांनो, खरं आहे. पिवळ्या रोगणाखाली माझे रंग आजही करकरीत आहेत, कारण त्यांना कुणी हातच लावला नाही. तुम्ही वस्तू जपाल तेव्हा तिची झिजलेली बाजू आधी जपा. करकरीत बाजू आपला तोरा आपणच सांभाळते. आणि गुलाबसिंग गुरुजी, डकवायचंच तर खळ पातळ लावा. जाड लागली तर वाळताना कापड आकसतं, आणि तिकडच्या विहिरींना चिरा पडतील.