तीन गावांचं पाणी

शकुबाईच्या थोरल्या लेकीला, राजेश्वरीला, तीन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला आणि त्याचं जावळ काढायला सगळं घर माणदेशात जाऊन आलं, ते साल १९९५. जावळाहून परत कोपरखैरण्याला येऊन घराचं कुलूप काढतात तोवर शेजारीण निरोप घेऊन दारात उभी. धाकट्या मंजुषाला अलिबागच्या ऑफिसातून बोलावणं आलं होतं. पोरगी नर्सचं शिकली होती, तिला सरकारी नोकरी लागली.

शकुबाईचा नवरा भैरू मसाला मार्केटात माथाडी होता. आयुष्यभर मिरचीची पोती पाठीवर. त्यानं शिंकत शिंकत सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. मंजुषा अलिबागला जाऊन आली आणि म्हणाली, तीन आरोग्य उपकेंद्रं रिकामी आहेत. एक रेवदंड्याकडं, एक मुरूडकडं, एक श्रीवर्धनच्या अंगाला. साहेब भला माणूस, म्हणाला, सोमवारपर्यंत कुठलं पाहिजे ते येऊन सांग.

तिन्ही गावं समुद्राकाठची. हे ऐकलं आणि शकुबाईनं तोंडाशी नेलेला पेढा परत पुड्यात ठेवला.

"समुद्राच्या कडंला पाणी कसलं असायचं? मीठच की," ती म्हणाली. "न्हाई धाडायची."

आता ह्या बाईचं पाण्याशी काय वैर होतं, ते सांगायला पाहिजे. माणदेशात पोरगी द्यायची तर आधी तिथल्या विहिरीचं पाणी चाखायचं, अशी रीत. घर बघा, जमीन बघा, मुलगा बघा, पण पाणी मचूळ निघालं तर उठून यायचं. राजेश्वरीच्या वेळी भैरू आणि चार जाणती माणसं गेली होती. पाहुण्यांनी तांब्याभरून पाणी दिलं, भैरू दोन तांबे प्यायला आणि घरी येऊन म्हणाला, अमृत आहे. लग्न झालं. पहिल्या दिवाळीला लेक माहेरी आली. शकुबाई तिला न्हायला घालायला बसली आणि तिच्या हाताला लेकीच्या डोक्यावर, बरोबर चुंबळीच्या जागी, रुपयाएवढं टक्कल लागलं. सासरची विहीर खारट होती. भैरूनं प्यायलेलं पाणी त्या लोकांनी पाहुण्यांसाठी लांबून बैलगाडीनं आणून ठेवलं होतं. आता लेक त्याच वाटेनं रोज दोन हंडे डोक्यावर आणत होती.

तेव्हापासून शकुबाईनं धडा घेतला. कुणी दिलेलं पाणी खरं मानायचं नाही. आपल्या हातानं शेंदायचं आणि मग बोलायचं. भैरूला ती येताजाता ऐकवायची की मिरची वाहून तुमची जीभ मेली होती, तुमाला धाडलं हीच चूक.

मंजुषा दोन दिवस जेवली नाही. तिला ठाऊक होतं, नोकरी गेली तर मामानं वडूजकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, आणि वैशाख सरायच्या आत तिची हळद लागली असती. शेवटी तिढा सोडवला तो गावठाणातल्या यशोदाबाईनं. ती खाडीची कोलंबी विकायला बिल्डिंगीत यायची. शकुबाईचं म्हणणं ऐकून ती टोपली ठेवून हसायला लागली.

"समदं पानी खारं नसतं गो, शकुबाय. खारं पानी खाडीत, गोडं पानी वाडीत. बसून काय सांगतेस, जाऊन बघ."

हे शकुबाईला पटलं. चाखायचं तर वैशाखासारखा महिना नाही. पावसाळ्यात काय, सगळ्याच विहिरी गोड लागतात. तिनं भैरूला सुट्टी घ्यायला लावली, भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली आणि तिघं पनवेलहून एसटीत बसली.

रेवदंडा आलं तेव्हा एसटी एका जुन्या तटाच्या वेशीतून आत शिरली. किल्ल्याच्या आत गाव, आणि गावावर नारळाची अशी सावली की भैरूनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दारादारात सारवलेली अंगणं, ओट्यावर फणस फोडत बसलेल्या बाया. घरांच्या मागं गेलं की भिंतीआड समुद्र. भैरूला गाव फार आवडलं. पण उपकेंद्र होतं तिथं विहिरी बुजलेल्या, पाणी नळाचं. शकुबाईनं नळाची तोटी उघडून बघितली, बंद केली. म्हणाली, नळाचं पाणी कुठनं येतं, कोण सोडतं, कधी बंद करतं, काय भरवसा? दिलेलंच पाणी ते. पुढं चला.

मुरूडला संध्याकाळ झाली. वाळू लांबच लांब, सुरूच्या झाडांतून वारा. भैरू लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात जाऊन उभा राहिला तो येईचना. मंजुषा हाक मारायला गेली, तर तो म्हणाला, "पोरी, सकाळपासनं मी शिंकलोच न्हाई. तुझ्या ध्यानात आलं का?" पोरीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. रात्री देवळाच्या धर्मशाळेत टेकली. पण सकाळी उपकेंद्राच्या गावात गेली, तर पावसाळ्याआधी गाळ काढायला विहीर उपसून काढलेली. तळाशी चार माणसं चिखलात. वर येणारं पाणी पिवळं. लोक म्हणाले, बाई, चार दिवसांनी या, साखरेसारखं पाणी आहे. शकुबाई म्हणाली, असेल. पण असेल म्हणून पोर ठेवता येत नाही.

आता एकच जागा उरली.

राजपुरीहून लाँचमध्ये बसली. शकुबाईनं दोन्ही हातांनी फळी धरली होती आणि डोळे मिटले होते. लाँच लाटेवर हेलकावली तेव्हा तिनं एकदा डोळे उघडले, तर समोर पाण्यातून उठलेला जंजिरा. शेजारच्या उतारूनं सांगितलं, मावशी, किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचं तळं आहे, चारी बाजूंनी समुद्र असून. शकुबाई हळूच लेकीला म्हणाली, सांगणाऱ्याचं काय जातंय. पण दिघीचा धक्का येईपर्यंत ती मागं वळून किल्ल्याकडं बघत होती.

तिसरं गाव म्हणजे सुपारीच्या वाडीत बसवलेलं गाव. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत गारवा, दुपारीही अंधारल्यासारखं. दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाणारी फरसबंद पाखाडीची चिंचोळी वाट, तिच्यावर पडलेली पिकली सुपारी, आणि वाट संपली की एकदम पांढरी वाळू. मंजुषाची चालण्याची गती कमी झाली होती, आणि आईनं ते बघितलं होतं. उपकेंद्राच्या शिपायानं सांगितलं, नर्सबाईंना खोली पाहिजे तर गावाच्या टोकाला जयमालाबाईंकडं मिळेल. एकटीच असतात, घर स्वच्छ आहे.

जयमालाबाई पन्नाशीची, सडपातळ, कपाळ मोकळं. उन्हातनं आलेली माणसं बघून तिनं काही विचारायच्या आधी ओट्यावर चटई टाकली, आत जाऊन चकचकीत तांब्या आणि बशीत गुळाचा खडा आणून ठेवला. त्या भागात आल्यागेल्याला पहिलं गूळपाणी.

भैरूचा हात तांब्याकडं गेला. शकुबाईनं नुसतं बघितलं. हात मागं आला.

"पाणी घ्या," जयमालाबाई म्हणाली.

"तहान न्हाई," शकुबाई म्हणाली.

वैशाखातली दुपार. एसटीच्या थांब्यापासून चालत आलेली, ओठ सुकलेले, पदर घामानं भिजलेला. तहान नाही, हे ओट्यावरच्या मांजरानंसुद्धा खरं मानलं नसतं. जयमालाबाईनं खाली वाकून तांब्या उचलला, बशी उचलली.

"मागं एक मास्तरीण आली होती खोली बघायला," ती शांतपणे म्हणाली. "तिलाही तहान नव्हती. आम्ही बौद्ध. वाटेत तुम्हाला कुणी सांगितलं असेल. मला राग नाही, बाई. पण ज्या घरचं पाणी चालत नाही त्या घरात तुमची मुलगी राहणार कशी? तिच्यासाठी दुसरीकडं बघा."

शकुबाईला आधी कळलंच नाही. तिनं लेकीकडं बघितलं. मंजुषाचं तोंड पांढरं पडलं होतं. तिला कळलं होतं. ती आईला म्हणाली, "आये, सांग त्यांना. न्हाईतर मी हितनं उठून सरळ वडूजला जाते."

खरं सांगायचं तर वाटेत कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि हा विचार शकुबाईच्या मनाला शिवलाही नव्हता. पण तिला हेही आठवलं, की तिच्या गावात वरच्या आळीची विहीर वेगळी आणि खालच्या आळीची वेगळी होती, आणि लहानपणी तिनं कधी विचारलं नव्हतं की असं का. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्यावर एकाच टँकरखाली सगळ्यांनी ओंजळी धरल्या, तेव्हा कुठं ते मोडलं. म्हणजे ह्या बाईला जे वाटलं ते उगाच वाटलं नव्हतं. तिच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तेच वाटलं असतं.

मग तिनं सगळं सांगितलं. राजेश्वरीचं स्थळ, तो तांब्या, ती बैलगाडी. सांगताना तिनं स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून टक्कल कुठं पडलं ते दाखवलं. रेवदंड्याचा नळ सांगितला, मुरूडचा गाळ सांगितला. जयमालाबाई तांब्या हातात धरून उभ्यानंच ऐकत होती.

"द्या हिकडं," शकुबाई शेवटी म्हणाली. तिनं तांब्या तिच्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि श्वास न घेता अर्धा रिकामा केला. थोरल्या लेकीच्या लग्नापासून कुणी पुढं केलेलं पाणी विहीर बघितल्याशिवाय ती पहिल्यांदाच प्यायली. तोंड पुसून ती म्हणाली, "हे तुमच्या घरचं म्हणून प्याले. आता बाई, राग मानू नका, पर विहीर दावा. मला शेंदून बघायचंच हाय."

जयमालाबाईला हसू फुटलं. पदर तोंडावर धरूनही आवरेना.

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही असं नाही," ती म्हणाली. "तुमचा कुणावरच नाही."

"ह्यांच्यावर तर मुळीच न्हाई," शकुबाईनं भैरूकडं बोट केलं.

विहीर घराच्या मागं, सुपारीच्या झाडांत होती. लहानशी, जांभ्या दगडानं बांधलेली, आत नेच्यांची पानं. पलीकडं गडगा आणि गडग्यापलीकडं समुद्राचा आवाज इतका जवळ, की शकुबाईचा धीर पुन्हा सुटायला लागला. जयमालाबाईनं कळशी आणि दोर तिच्या हातात दिला. म्हणाली, ही सासऱ्यांनी स्वतः खणली. गावच्या विहिरीवर आम्हाला येऊ देत नव्हते तेव्हा. लोक म्हणाले, समुद्राला लागून खणतोस, खारं लागेल. शेंदा.

शकुबाईनं कळशी सोडली. दोर थोडाच गेला आणि पाणी लागलं. माणदेशात एवढ्या दोरात विहिरीचा काठसुद्धा संपत नाही. तिनं कळशी वर घेतली, ओंजळ भरली, आधी जिभेच्या टोकावर धरलं, मग तोंडभर घोळवलं. मंजुषा गडग्याला टेकून उभी होती आणि आईच्या गालांकडं बघत होती. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका घोटात होतं.

शकुबाईनं घोट गिळला. आणखी एक ओंजळ घेतली, ती प्यायली. तिसरी डोळ्यांना लावली.

"मंजे," ती म्हणाली, "ऱ्हा हितं."

मंजुषा होती तिथंच खाली, पाचोळ्यात बसली. भैरू मागं दोन हात बांधून उभा होता. तो अदबीनं बायकोला म्हणाला, "मग आता मी पिऊ का?"

त्या दिवशी तिघांनी जयमालाबाईकडं भात आणि कुळथाची पिठी खाल्ली. शकुबाईनं आपली चटणी वाढली, जयमालाबाईनं ती चाखून डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागून घेतली. संध्याकाळी दोघी वाळूवर जाऊन बसल्या. कुणाची लेक कुठं दिली, कुणाचा नवरा कसा गेला, असलं बोलणं अंधार पडेपर्यंत चाललं. जयमालाबाई म्हणाली, पोरीची काळजी करू नका, माझ्या घरात बोलायला माणूस येतंय ह्याचंच मला बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत बसल्यावर शकुबाईचं डोकं भैरूच्या खांद्यावर पडलं ते पनवेल येईपर्यंत उठलं नाही. इतकी गाढ झोप तिला कधी लागली होती, हे भैरूलाही आठवेना. खांदा अवघडला तरी त्यानं तो हलवला नाही.

सोमवारी मंजुषा अलिबागला जाऊन तिसरं गाव सांगून आली. मामाला कळवलं की यंदा हळद नाही. ज्येष्ठात ती कामावर हजर झाली आणि पुढं त्याच गावात तिनं आपल्या पसंतीनं दिलीप नावाच्या शिक्षकाशी लग्न केलं. त्या लग्नात शकुबाईनं कुठलंच काही चाखून बघितलं नाही. पुढं राजेश्वरीच्या गावाला नळ आला. भैरू कामातून सुटला आणि वर्षातले चार महिने धाकटीकडं राहू लागला.

शकुबाई १९९९ सालच्या कार्तिकात, कोपरखैरण्याच्या घरी, पहाटे झोपेत वारली.