मिस्त्रींचा फ्रॉक

बायको गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मेहुणीनं फ्रॉक-ब्लाउजच्या मापांच्या कागदी कटिंगचा खोका नेला. मग बटणांचा डबा नेला. मिस्त्रींनी दोन्ही वेळा दार उघडून दिलं. पण दीड महिन्यानं ती शिवणयंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "भावजी, हेही नेते आता. माझ्या क्लासला आठ जणी शिकतात, चालतं राहील. इथे नुसतं गंजेल."

मिस्त्रींनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं होतं. "माझ्या घरात हत्यार गंजलेलं पाहिलंस कधी?"

"गंजायचं नाही, पण चालवणार कोण?"

"मी."

मेहुणी हसली. मिस्त्रींची लेकही हसली.

"काय शिवणार?" मेहुणीनं विचारलं.

"भिंगरीचा फ्रॉक."

भिंगरी म्हणजे लेकीची सहा वर्षांची मुलगी. एका जागी उभी राहायची नाही म्हणून हे नाव. तिची आजी दर उन्हाळ्यात तिला एक सुती फ्रॉक शिवायची. यंदाचंही कापड आणून ठेवलं होतं, फिकट पिवळं, बारीक निळ्या फुलांचं. यंदा खिसे लावायचं कबूल केलं होतं. तेवढ्यात आजारपण आलं आणि कापड कपाटात घडीतच राहिलं.

"बरं," मेहुणी म्हणाली. "रविवारी पाच वाजता टेम्पो येईल. तोवर फ्रॉक तिच्या अंगात गेला तर यंत्र तुमचं. नाही गेला तर मुकाट्यानं द्यायचं."

"दिलं," मिस्त्री म्हणाले.

लेक नंतर समजावायला आली. "बाबा, कशाला हट्ट करताय? मावशीचं काय चुकलं? वापरात तरी राहील."

"तुझ्या आईची पावलं घासून यंत्राच्या लाकडी पायट्याला दोन खळगे पडलेत. ते क्लासच्या आठ जणींनी बुजवायचे का? फ्रॉक शिवतो म्हटलं ना, शिवतो."

कागदी कटिंग नव्हतंच. मिस्त्रींनी भिंगरीला दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि घडीच्या पट्टीनं मापं घेतली. खांदा, छाती, कंबर, गुडघा, मान. "आजोबा, मी कपाट आहे का?" तिनं विचारलं. "कपाट हलत नाही," ते म्हणाले. "हलू नकोस."

छातीला त्यांनी चार बोटं जास्त धरली. पावसाळ्यात फुगणाऱ्या दाराला फट सोडावी लागते, अंगाला श्वास घ्यायला सोडावी लागणारच. शिलाईत जाणारं कापडही धरलं. टेबलावर कापड पसरून काटकोनाचा गुण्या लावला आणि खडूनं रेघा मारल्या. कात्री लावायच्या आधी ते एकदा पाणी पिऊन आले.

यंत्रानं पहिले दोन दिवस छळलं. दोरा तुटायचा. खालची शिलाई गुंता होऊन बसायची. चाक उलटं फिरायचं आणि पाय भलतीकडे जायचे. बायको हे करता करता फोनवर बोलायची, कुकरच्या शिट्ट्या मोजायची, शिवाय त्यांना चहाचा कप उचलायला सांगायची. मिस्त्रींना हे आठवलं आणि त्यांनी तिला मनातल्या मनात एक शिवी हासडली. बोलली नव्हती कधी, की अवघड आहे म्हणून.

खिसे मात्र असे झाले की काय सांगावं. ड्रॉवरचे कोपरे पक्के करतात तसे कोपऱ्यांना दुहेरी टाके. आत दगड भरले असते तरी उसवले नसते.

रविवारी चार वाजता मेहुणी आली, खुर्ची ओढून बसली. मिस्त्रींनी फ्रॉक भिंगरीच्या डोक्यावरून घातला. तो कपाळापर्यंत आला आणि अडला. त्यांनी जरा ओढला.

"आजोबा, आत अंधार आहे," फ्रॉकमधून आवाज आला.

मेहुणीनं तोंडाला पदर लावला. "भावजी, गळा कसा काढलात?"

"मान मोजून. खुंटी घट्ट बसेल एवढंच भोक ठेवलं."

"आणि डोकं कुठून जाणार होतं?"

लेकीनं मुलीला सोडवलं. मिस्त्री हातातल्या फ्रॉककडे बघत राहिले. गळा सुरेख होता. एका धाग्याचाही फरक नव्हता.

"ठरलं तर मग," मेहुणी उठली. "मी ड्रायव्हरला फोन करते."

"किती वाजले?"

"सव्वाचार."

"मग बस खाली."

त्यांनी फ्रॉक टेबलावर पालथा घातला. पाठीवर गळ्यापासून खाली एक वीतभर सरळ रेघ मारली आणि कात्री लावली. लेक म्हणाली, "बाबा, चांगला फ्रॉक कापताय." ते म्हणाले, "दार करतोय."

"कडा दुमडून तरी घ्या, नाहीतर धागे सुटतील," मेहुणीच्या तोंडून निघून गेलं.

"माहीत आहे मला," मिस्त्री म्हणाले. माहीत नव्हतं. त्यांनी कडा दुमडल्या आणि पायट्यावर पाय ठेवला. आज चाक सरळ फिरलं.

"आता बटण?" मेहुणीनं विचारलं. "डबा तर माझ्याकडे आहे."

"राहू दे तुझ्याकडेच."

गॅलरीत हत्यारांची पेटी होती. त्यांनी सागवानी दांड्याची एक चकती बारीक करवतीनं कापली, दोन भोकं पाडली, पॉलिशपेपरनं कडा घासल्या. ते बटण शिवलं, समोर दोऱ्याचा फास केला. पाचला सात मिनिटं कमी होती.

या वेळी डोकं सरळ बाहेर आलं. भिंगरीनं आधी दोन्ही हात खिशात घातले आणि मग तीन गिरक्या घेतल्या. फ्रॉक छत्रीसारखा उघडला.

मेहुणीनं तिला पकडून घेर उलटा करून पाहिला. "ही शिलाई वाकडी आहे."

"आहे."

"द्या, उसवून नीट घालते."

"हात लावायचा नाही."

खाली हॉर्न वाजला. ड्रायव्हर वर येऊन दारात उभा राहिला. "काका, काय न्यायचंय?"

"काही नाही. रिकामाच ने."

मेहुणीनं पर्स उचलली. दारापर्यंत गेली आणि वळली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज तसाच होता. "एक फ्रॉक झाला, भावजी. पुढच्या उन्हाळ्यात पोरगी वाढेल. तेव्हा काय करणार?"

मिस्त्री यंत्रात तेल सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"डोकंही मोजीन."