मानपत्रातला तारा

खगोलशास्त्राच्या सरांचा निरोप समारंभ दोन दिवसांवर आला असताना त्यांची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुम्ही शोधलेला फुटलेला तारा सर्वांत दूरचा नाही. त्याच्याभोवती धूळ आहे. ती निळा प्रकाश जास्त अडवते, म्हणून तो मंद आणि तांबूस दिसतो. खरं तर तो बराच जवळ आहे."

"अगं बाई, मानपत्र छापून झालंय," सर वैतागले. "ही धूळ तुला समारंभानंतर दिसली असती तर काय बिघडलं असतं?"

"आधी रंग तपासायचा, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं तेव्हा तारा दुसऱ्याचा होता."

तासभर धुसफुसून सरांनी मानपत्रातलं 'सर्वांत दूरचा' खोडलं आणि वर स्वतःच्या हाताने 'बऱ्यापैकी दूरचा' लिहिलं.