कॉटर जॉइंटमधली मुंगी

मुकुंद देवस्थळींच्या घरात देव्हाऱ्यातले देव होते तेवढे होतेच. शिवाय जेवणाच्या टेबलावर एक जास्तीचा देव होता, तो म्हणजे मुकुंदचा कॉलेजातला काळ. वरणभात वाढला की त्याची आरती सुरू व्हायची. आमच्या वेळी निगडीच्या चौकात म्युनिसिपाल्टीच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला. आमच्या वेळी शीट हातानं काढायच्या, पेन्सिलीचं टोक सुईसारखं आणि रेघ केसासारखी. आमच्या वेळी सरांच्या चपलांचा आवाज आला तरी पोटात गोळा यायचा.

मुलगा अनिश हे ऐकत मोबाइलवर बोट फिरवायचा. बायको पद्मा ऐकत पोळीवर तूप फिरवायची. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी तिला कानात सांगितलं होतं की घरात दोन ट्यूबलाइट होत्या आणि कार्टं चौकात जायचं ते कॅरम बघायला. पद्मानं ती गोष्ट लॉकरमधल्या पाटल्यांसारखी जपून ठेवली होती. दागिना रोज घालायचा नसतो, आपल्याकडे आहे एवढं माहीत असलं की पुरतं.

खरं सांगायचं तर मुकुंदच्या वेळचा अभ्यास हे एक निराळंच व्रत होतं. परीक्षेआधी कॉलेज महिनाभर घरी बसून वाचायला सोडायचं, त्याला पीएल म्हणायचे. पीएलचा पहिला आठवडा टाइमटेबल करण्यात जायचा. चार रंगांची स्केचपेनं, पट्टीनं आखलेले चौकोन, पहाटे पाचला गणित, सहाला चहा. टाइमटेबल इतकं देखणं व्हायचं की त्याप्रमाणे वागून ते मळवायला जिवावर यायचं. दुसरा आठवडा कोणाच्या नोट्स कोणाकडे आहेत याचा सायकलवरून तपास करण्यात. तिसरा आठवडा झेरॉक्सच्या रांगेत. मग उरलेल्या दिवसांत एकेक धडा ऑप्शनला टाकायचा. हा येणार नाही, तो गेल्या वर्षी येऊन गेला, ह्यातलं आपल्या सरांना स्वतःलाच काही कळत नाही. असं करत करत परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकाची अनुक्रमणिका तेवढी शिल्लक राहायची, तीही अर्धी. तरी मुकुंद पास झाला, इंजिनियर झाला, चाकणच्या एका कंपनीत डिझाइनचा हेड झाला. त्यानं काढलेले ब्रॅकेट आज हजारो गाड्यांच्या पोटात आहेत आणि गाड्या चालतात. देवाची करणी म्हणायची.

तर असा हा मुकुंद. आणि एका गुरुवारी ताथवड्याच्या कॉलेजातून फोन आला की पालकांनी बारा वाजता यावं.

स्कूटरवर मागं बसून त्यानं अनिशकडून सगळं काढून घेतलं. प्रकरण प्रॅक्टिकलच्या फाइलीचं होतं. सई नावाची वर्गातली मुलगी, तिची बॅच मंगळवारची. तिनं आपल्या फाइलीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं की मंगळवारी मशीन चालू असताना लाइट गेली, त्यामुळे चौथं रीडिंग घेता आलं नाही. अनिशची बॅच शुक्रवारची. अनिशच्याही फाइलीत मंगळवारी लाइट गेली होती.

मुकुंदनं कपाळाला हात लावला. हेल्मेट होतं, म्हणून हेल्मेटला लावला.

अनिशचं म्हणणं होतं की सई जेवायला गेली होती, फाइल बाकावर होती, त्यानं उचलली, अर्ध्या तासात उतरवली आणि परत ठेवली. तिला कळलंसुद्धा नाही. पण विभागप्रमुख मॅमचा नियम असा की नक्कल देणारा आणि घेणारा, दोघांची टर्म ग्रँट होणार नाही. म्हणजे दोघांनाही परीक्षेला बसता येणार नाही. सई म्हणते मी दिलीच नाही, पण तिच्याकडे पुरावा नाही. अनिशला विचारलं तेव्हा तो काहीच बोलला नव्हता. आज दोन वाजेपर्यंत फाइलीवर मॅमची सही झाली नाही तर दोघंही बाहेर. सईला उन्हाळ्यात कंपनीत ट्रेनिंग मिळालं होतं, तेही जाणार.

“तू गप्पच राहा,” मुकुंद म्हणाला. “दोघं असली की कॉलेज सहसा ताकीद देऊन सोडतं. एकटा सापडलास तर सोलतील. मी बोलतो काय ते.”

हे बोलताना डांगे चौकाचा सिग्नल लाल होता. सिग्नल हिरवा होईपर्यंत मुकुंदला आपण काय बोललो त्याचा काहीतरी जुना वास आला, पण मागच्या टेम्पोनं हॉर्न मारला आणि वास उडून गेला.

विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर सई बाकावर बसली होती. सडपातळ पोरगी, मांडीवर फाइल आवळून धरलेली. तिनं अनिशकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याकडे पाहत राहिली, जणू त्यातून काही उत्तर फवारलं जाणार होतं. मुकुंदनं कंपनीचं ओळखपत्र शर्टावर नीट सुलटं केलं, पद दिसेल अशा बेतानं, आणि दार ढकललं.

टेबलामागं विजयश्री काळभोर बसली होती.

कॉलेजच्या त्या वर्गाला छत्तीस वर्षं झाली होती. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. पण मान तीच, ताठ, विळ्याच्या पात्यासारखी. आकुर्डीच्या जुन्या गावातली ही पोरगी, वर्गात पंच्याऐंशी मुलं आणि पाच मुली, त्यातली एक. ड्रॉइंगचा ड्राफ्टर पाठीला तलवारीसारखा लावून यायची. हिच्या वडिलांनी घराचं मागचं दार काढून पोरीला ड्रॉइंग बोर्ड करून दिला होता. “पोरीला टेबल पायजे व्हय, मग घ्या दार,” असं म्हणाले होते म्हणे. त्या दारावर ती शीट काढायची आणि शीट अशी काढायची की पाहणाऱ्याला वाटावं, कागदावर पहाट उजाडली.

“बसा, देवस्थळी,” ती म्हणाली. “नावावरून शंका आली होतीच.”

मुकुंद बसला. तयार केलेलं भाषण होतं, त्यात शिस्त, तरुण वय आणि पालक म्हणून जबाबदारी असे शब्द होते. ते त्यानं सुरू केलं. बाईंनी ते निम्म्यापर्यंत जाऊ दिलं. मग तिनं अनिशकडे वळून विचारलं की तुझ्या वडिलांनी तुला कॉटर जॉइंटची गोष्ट सांगितली आहे का.

अनिश म्हणाला, नाही. दिव्याखालची सांगितली आहे.

आता ही गोष्ट बाईंनी ज्या शांतपणे सांगितली तशी सांगणं कोणाला जमायचं नाही, पण सांगितली ती अशी.

शीट होती कॉटर जॉइंटची, म्हणजे दोन लोखंडी दांडे पाचर ठोकून जोडायच्या सांध्याची. तेव्हा नक्कल करणं म्हणजे मेहनतीचं काम होतं. खिडकीची एक काच काढायची, दोन स्टुलांवर आडवी ठेवायची, खाली बल्ब लावायचा. काचेवर मूळ शीट, तिच्यावर कोरा कागद, आणि उजेडात उमटेल ती रेघ गिरवायची. त्याला जीटी मारणं म्हणायचे. पण सबमिशनच्या आठवड्यात गुरुवार आला. गुरुवारी सगळ्या एमआयडीसीला सुट्टी आणि दिवसभर लाइट गायब. मग मुकुंद, सयाजी आणि वर्गातले आणखी नऊ जण भर दुपारी सयाजीच्या गच्चीवर जमले. काचेखाली सयाजीच्या घरच्या कपाटाचा निखळलेला आरसा तिरका धरला आणि सूर्यालाच कामाला लावलं. एकानं आरसा धरायचा, एकानं गिरवायचं, बाकीच्यांनी चिक्की खायची. चिक्कीचा चुरा पडला, चुऱ्याला मुंगी आली, मुंगी काच आणि शीट यांच्या मधोमध सापडली आणि चिरडली. खालून ऊन असं डोळ्यांत मारत होतं की कोणाला काही दिसेना. सॉकेटच्या डाव्या अंगाला एक काळा ठिपका, त्याला दोन्हीकडून बारीक तारा. पहिल्यानं तो गिरवला. दुसऱ्यानं गिरवला. सयाजी जरा हुशार, त्यानं बाण काढून शेजारी लिहिलं, स्प्लिट पिन. एकानं तर तिचं माप घातलं, अडीच मिलिमीटर.

अकरा शीट सरांपुढे गेल्या. अकरा कॉटर जॉइंटना जगात कुठल्याच कॉटर जॉइंटला नसते तशी स्प्लिट पिन. बारावी शीट विजयश्रीची, तिच्यात पिन नव्हती, पण पाठीमागं त्याच जागी चपटी झालेली मुंगी होती. सरांनी ती चिमटीत धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, हा ओरिजिनल पार्ट.

अनिश इथं हसला. मुकुंदलाही ओठ दाबावे लागले. बाई मात्र हसली नाही.

“पुढचं सांगू की तुम्ही सांगता?” तिनं विचारलं.

मुकुंदला पुढचं माहीत होतं, फक्त त्यानं ते कधीचं ऑप्शनला टाकलं होतं.

पुढचं तिनंच सांगितलं. सरांचाही नियम तोच होता, देणारा आणि घेणारा एकाच मापानं. पण त्यांनी वर्गात विचारलं होतं. हिनं शीट दिली की कोणी न विचारता नेली? नेली असेल त्यानं उभं राहावं. तो उभा राहिला तर हिची शीट पास. सर पाच मिनिटं घड्याळात बघत थांबले. ड्रॉइंग हॉलमध्ये नव्वद पोरं आणि पंख्याचा आवाज. कोणी उभं राहिलं नाही. बाराही जणांना सहाच्या सहा शीट पुन्हा, चार दिवसांत.

“त्या चार दिवसांत माझ्या बहिणीचं लग्न होतं,” विजयश्री म्हणाली. “घरात पाहुणे, दार-बोर्ड अंगणात. मी एका हातानं हळद लावत होते आणि दुसऱ्या हातानं रेघा मारत होते. शीटवर हळदीचे अंगठे उमटले. सरांनी अस्वच्छतेचे दहा मार्क कापले. कोणी नेली होती ते मला आजवर माहीत नाही. अकरातला कुठलाही असेल.”

खिडकीबाहेर मुलं क्रिकेटवरून भांडत होती. मुकुंदनं टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहिलं. त्याच्या मनात आलं की तिला माहीतच नाही म्हणते आहे. म्हणजे सुटका आहे. अनिशलाही कळणार नाही. दिवा राहील, चौक राहील, टेबलावरचा देव राहील. त्याच वेळी त्याला बाहेरच्या बाकावरची पोरगी आठवली, मांडीवर फाइल आवळलेली, आणि त्याला एकदम समजलं की त्या पाच मिनिटांत त्यानं विजयश्रीच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पूर्ण वेळ तो पंख्याकडे बघत होता. तिचा चेहरा कसा झाला असेल ते आज त्यानं पाहिलं होतं, केबिनबाहेर.

“मी नेली होती,” तो म्हणाला. “जेवायच्या सुट्टीत. रॅकवरून. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.”

अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मला सयाजी वाटला होता,” ती म्हणाली. “छत्तीस वर्षं मी त्या बिचाऱ्याशी धड बोलले नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही.”

मुकुंदनं अनिशकडे पाहिलं. पोरगा बापाकडे असा बघत होता, जसं लहानपणी गणपती पाण्यात विरघळताना बघायचा. वाईट वाटतंय, पण आत माती आहे हे बघायची मजाही येते आहे.

मुकुंद त्याला म्हणाला, “मघाशी सिग्नलला मी सांगितलं ते सोड.”

अनिश उभा राहिला. उभं राहायची काही गरज नव्हती, केबिनमध्ये तिघंच होते, पण तो राहिला.

“मॅम, सईनं दिली नव्हती. बाकावर होती, मी उचलली. तिला माहीतच नव्हतं.”

विजयश्रीनं बेल वाजवली, सईला आत बोलावलं, तिच्या फाइलीवर सही केली आणि शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज एवढ्याशा खोलीत फार मोठा झाला. सईनं सहीकडे पाहिलं, मग अनिशकडे, आणि हातातली फाइल त्याच्या खांद्यावर एकदा सणसणीत हाणून बाहेर गेली. बाईंना ते दिसलं. तिनं न दिसल्यासारखं केलं.

मुकुंदला वाटलं होतं, खोटं कशाला बोला, त्याला आतून वाटलंच होतं की एवढं सगळं कबूल केल्यावर पोराचं काहीतरी हलकं होईल. त्यानं तसं विचारलंही, अगदी मऊ आवाजात, वर्गमित्र म्हणून. बाई म्हणाली की कबुलीनं सई सुटली, कबुलीचं काम तेवढंच. अनिशनं पुढच्या सत्रात प्रॅक्टिकल पुन्हा करायचं, शुक्रवारच्या बॅचला, आणि त्या दिवशी जे घडेल तेच लिहायचं. आणि देवस्थळी, तुम्ही सयाजीचा नंबर द्या मला.

नंबर दिला. दोघं बाहेर आले. अनिशला पार्किंगमध्ये मित्रांनी गाठलं, तो त्यांना काहीतरी हातवारे करून सांगू लागला. मुंगीचंच असणार. त्याचे मित्र मुकुंदकडे आदरानं पाहू लागले, म्हणजे वेगळ्याच आदरानं.

तेवढ्यात पद्माचा फोन आला.

“अहो, झालं का काम?”

“झालं,” मुकुंद म्हणाला.

“सोडलं ना त्यांनी त्याला?”

“नाही. टर्म गेली.”

“मग झालं काय डोंबल?”

मुकुंद स्कूटरच्या सीटवर आडवा टेकला. ऊन चांगलंच तापलं होतं.

“सांगतो,” तो म्हणाला. “घरी येऊन दोघं सांगतो. त्याचं थोडं आहे, माझं जास्त आहे. तू जेवून घे आधी.”

“माझं जेवण राहू द्या,” पद्मा म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता काळजीपेक्षा उत्सुकता होती. “लवकर या.”