प्रेस चारचा होल्ड

फोरमनने त्याचं डोकं टेबलावर पहिल्यांदा आपटलं तेव्हा कीबोर्डची तीन बटणं उडाली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात पडला.

"बोल. माझा होल्ड कोणी काढला?"

"मला... माहीत नाही."

"अख्ख्या कंपनीच्या चाव्या तुझ्याकडे, आणि तुलाच माहीत नाही?"

फोरमनच्या शर्टाची उजवी बाही खांद्यापर्यंत भिजली होती. ते रक्त त्याचं नव्हतं. टेबलावर दाबून धरलेल्या माणसाला त्याचा वास येत होता, मशीनच्या तेलात मिसळलेला. कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या माणसाला सगळे पासवर्ड म्हणायचे. कारण एकच, विसरला की मगच त्याची आठवण यायची.

"सात मिनिटं," फोरमन म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता आणि तेच जास्त भीतीदायक होतं. "जॅक लावून प्रेस उचलायला सात मिनिटं लागली. तेवढा वेळ तो शुद्धीवर होता. मला विचारत होता, दाजी, हात आहे ना? दाजी, बघा ना, आहे ना? काय सांगू मी त्याला? आणि त्याच्या बहिणीला घरी जाऊन काय सांगू?"

मग त्याने पासवर्डचा उजवा हात धरला आणि एकेक बोट सोडवून बघायला लागला, बाजारात भेंडी बघावी तसं.

"कुठल्या बोटाने दाबलंस? हे? का हे?"

कुठल्याच नाही, हे खरं उत्तर होतं. ते तोंडातून बाहेर पडायच्या आत पहिलं बोट मागे गेलं आणि काटकी मोडल्यासारखा आवाज झाला.

चार वॉचमन धावत आले. तिघांनी फोरमनला ओढलं, चौथ्याच्या नाकावर त्याचं कोपर बसलं. खुर्ची मोडली, प्रिंटर खाली आला. शेवटी खोकी बांधायच्या पट्टीने त्याचे हात मागे बांधले आणि त्याला जिन्यावरून जवळजवळ फरफटत गेटच्या केबिनमध्ये नेलं. जाताना तो शिव्या देत नव्हता. एकच विचारत होता, "हॉस्पिटलमधून फोन आला का? अरे, कोणीतरी सांगा, फोन आला का?"

*

गोष्ट साधी होती. साधी म्हणूनच गळ्यात अडकली होती.

कंपनीत कोणाला काढायचं असलं की ठरलेली पद्धत होती. एचआरच्या मॅडम त्या माणसाला वर बोलवायच्या. तो खुर्चीत बसला की पासवर्डला मोबाइलवर अंगठा पाठवायच्या. अंगठा आला की पासवर्ड त्याचं अकाउंट सस्पेंड करायचा. मेल बंद, फाइल बंद, टॅबलेट बंद. माणूस खाली येईपर्यंत कंपनीच्या लेखी परका झालेला असायचा. सस्पेंड म्हणजे नुसतं दार लावणं. आतलं सामान जसंच्या तसं राहतं, पुन्हा उघडता येतं. डिलीट केलं तर घरही नाही आणि पत्ताही नाही.

आज फोरमनची पाळी होती. तो सारखी मशीनं थांबवतो, एवढाच त्याचा गुन्हा. जरा वेगळा आवाज आला की थांबव, जाळीचं गार्ड हलतंय की थांबव. मॅनेजर म्हणायचे, "हा फोरमन आहे का ब्रेक?"

मॅडमनी वेळ दिली होती अकराची. अंगठ्याची वाट बघत बसायचा पासवर्डला कंटाळा आला होता. सॉफ्टवेअरमध्ये टाइमर होताच. काल संध्याकाळी निघताना, पाच चाळीसला, त्याने अकराचा टाइमर लावला आणि पिशवी उचलली. आज दहा पन्नासला मॅडमचा मेसेज आला, साहेब फोनवर आहेत, अर्धा तास पुढे. त्याने वाचला. या वेळी त्यानेच अंगठा पाठवला, ठीक आहे म्हणून. आणि चहा प्यायला गेला.

अकराला फोरमन खाली प्रेस चारपाशी उभा होता. त्याने आपल्या टॅबलेटवरून प्रेसवर होल्ड लावला होता. होल्ड लावला की मशीन मेलं, कोणी कितीही बटण दाबलं तरी हलत नाही. त्या भरवशावर त्याच्या बायकोचा भाऊ, फिटर, कोपरापर्यंत हात आत घालून अडकलेला पत्रा काढत होता. अकरा वाजता टॅबलेटवर पाटी आली, तुमचे अकाउंट स्थगित करण्यात आले आहे. फोरमन ती पाटी वाचत असतानाच पलीकडच्या ऑपरेटरला हिरवा दिवा दिसला. त्याला वाटलं, झालं काम.

आणि होल्ड का सुटला, ते फक्त पासवर्डला माहीत होतं. मागच्या वर्षी एक फोरमन नोकरी सोडून गेला आणि त्याच्या नावाचा होल्ड तसाच राहिला, मशीन दोन दिवस बंद. तेव्हा मॅनेजरनी बोंब ठोकली होती. मग सेटिंगमध्ये एक चौकोन सापडला, 'सस्पेंड केलेल्या माणसाचे सगळे होल्ड आपोआप काढा.' मॅनेजर म्हणाले, कर. पासवर्डने टिक केलं. दोघांनी मिळून एकेक चहा घेतला होता त्या दिवशी.

*

"हळू. हळू बस," मॅनेजर म्हणाले. त्यांनी स्वतः बर्फ आणला होता. पासवर्डच्या सहा वर्षांत त्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. "पोलिस निघालेत. जनावर आहे रे तो माणूस. मी आधीपासून म्हणत होतो."

पासवर्डचा ओठ फाटला होता आणि दोन बोटं एकत्र बांधली होती. खिशात फोन थरथरला. ताई. तिला कोणीतरी कळवलं होतं.

"अरे, तुला मारलं म्हणे? कोणी? कशानं? डोळ्याला तर नाही ना लागलं?"

"नाही गं. बरा आहे मी."

"बरा कसला, बोबडं बोलतोयस! आईबापानं कधी बोट लावलं नाही तुला, आणि हा कोण लागून गेला? हात झडोत मेल्याचे!"

ताई दोनदा हॅलो हॅलो म्हणाली. त्याने फोन ठेवला.

मॅनेजरनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघ. मशीनचा लॉग मी पाहिलाय. अकरा वाजता, प्रेस चार, होल्ड काढला, आणि पुढे फोरमनचं नाव. ज्याचा होल्ड, त्याचंच नाव येतं ना?"

"हो. ज्याने लावला त्याचं."

"संपलं मग. त्यानेच काढला. दाजी-मेहुण्याचं घरचं काही असेल, आपल्याला काय करायचंय? वर तुला मारलं, हे तर सगळ्यांनी बघितलंय. मारणाऱ्याचं कोण ऐकतं?" त्यांनी दाराकडे बघितलं. "फक्त त्याचं अकाउंट डिलीट करून टाक. तो नाहीतरी आज जाणारच होता."

पासवर्डने वर बघितलं. म्हणजे यांना कळलं होतं. अकाउंटच्या पानावर दुसरी ओळ होती, ती मशीनच्या लॉगमध्ये नव्हती. अकरा वाजता सस्पेंड, टाइमरने. आणि खाली बारीक अक्षरात, टाइमर कोणी लावला आणि कधी. अकाउंट गेलं की ती ओळ गेली.

"आत टाकतील त्याला," पासवर्ड म्हणाला. फाटक्या ओठातून शब्द वेडेवाकडे आले.

"मग तुला जायचंय का?"

खोलीत मोडका प्रिंटर अजून गुरगुरत होता. मॅनेजरनी जाऊन त्याची वायर उपटली.

"मला माझ्यासाठी काही नको," ते परत येत म्हणाले. "तुझाच विचार करतोय. हात दुखतोय ना? डाव्या हाताने कर. दोन तर क्लिक आहेत."

पासवर्डने डाव्या हाताने माउस धरला. फोरमनचं पान उघडलं. कोपऱ्यात फोटो होता, कंपनीत लागला तेव्हाचा. केस काळे, कॉलरचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. डिलीटवर क्लिक केल्यावर मधोमध चौकोन आला. या अकाउंटची सर्व माहिती कायमची नष्ट होईल. खाली दोन बटणं, 'पुढे जा' आणि 'रद्द करा'.

खिडकीतून गेटची केबिन दिसत होती. फोरमन आत बसला नव्हता. हात मागे बांधलेले, कपाळ काचेला टेकवून उभा होता. वॉचमनने आत येऊन त्याला काहीतरी सांगितलं. फोरमनने मान हलवली, एकदा. भिंतीला घासत तो खाली गेला. काचेवर कपाळाचा ओलसर डाग तेवढा राहिला.

"काय झालं?" पासवर्ड म्हणाला.

मॅनेजरनी फोन बघितला. "कोपराखाली काढला हात," ते म्हणाले. "जीव वाचला, ते काय कमी आहे? चल, आटप."

जिन्यावर बूट वाजले. मॅनेजरनी माउसच्या बाजूला बोट टेकवलं, पण तेवढ्यात पोलिस आत आला. पन्नाशीचा, दमलेला, काखेत वही. त्याने आधी मोडकी खुर्ची बघितली, मग पासवर्डचं तोंड, आणि च्‌ च्‌ केलं.

"चांगलाच धुतलाय की. लिहिता येणार नाही या हाताने. तुम्ही सांगा, मी लिहितो." त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि जमिनीवर पडलेलं कीबोर्डचं बटण बुटाने सरकवलं. "आरोपीचं नाव झालं माझं खाली. काही जुनं भांडण?"

"नाही."

"प्यायलेला होता?"

"नाही."

"बरं. कधी सुरू झालं हे?"

"साधारण साडेअकराला," मॅनेजर म्हणाले. "सगळे साक्षीदार आहेत."

"त्यांना बोलू द्या साहेब. मार त्यांनी खाल्लाय."

पासवर्डने जीभ दाताच्या खड्ड्यातून फिरवली. तोंडात पुन्हा खारट चव आली.

"काल," तो म्हणाला. "काल संध्याकाळी, पाच चाळीसला."

पोलिसाचं पेन कागदावरच थांबलं. "काल? काल मारलं?"

"नाही. मारलं आज. सुरू काल झालं."

मॅनेजर उठून उभे राहिले. "डोक्याला मार लागलाय त्याच्या, त्याला समजत नाहीये तो काय..."

पासवर्डने डाव्या हाताने 'रद्द करा' दाबलं. मग स्क्रीन धरून हळूहळू पोलिसाकडे फिरवायला लागला. एका हाताने ती जड जात होती, म्हणून पोलिसाने वही बाजूला ठेवली आणि दुसरं टोक धरलं.