माझी बंद राहण्याची वेळ

मित्रांनो, मी आंजी गावच्या कमलाबाईंचा जुना टेबलपंखा. मान वळवताना कुरकुरतो, एक पातं जरा वाकडं आहे, पण वारा अजून झकास देतो. त्यांचे यजमान प्रेमदास यांनी मला वर्ध्याहून सायकलला बांधून आणलं, तेव्हा अख्खी गल्ली माझ्यासमोर येऊन बसली होती. पुढे घरात कूलर आला आणि मी माळ्यावर गेलो. गरज सरो, वैद्य मरो!

मग म्हातारपणी कमलाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. त्या आठवड्यातून तीनदा वर्ध्याला मशीनवर जात. तिथे रक्त बाहेर काढून, स्वच्छ करून परत देतात. सगळं नर्सच पाहतात, घरच्यांना काळजी कमी. पण कमलाबाईंचा बीपी ढासळायचा. बसमधून घरी आल्या, की भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. म्हणून डॉक्टरांनी पोटात नळी बसवून घरचं डायलिसिस सुचवलं. पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी शरीरातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं. प्रवास नाही, सुया नाहीत. पण हे रोज चारदा करायचं, आणि स्वच्छतेत जराही कसूर चालत नाही.

त्यांच्या खोलीत कूलरची ओल नको म्हणून मला खाली काढलं. पिशवी बदलताना मात्र दार बंद आणि मीही बंद, कारण वाऱ्याने धूळ उडते. सून काजल हे सारं डोळ्यांत तेल घालून सांभाळायची.

मे महिन्यात एका दुपारी कमलाबाईंची जुनी मैत्रीण तानाबाई भेटायला आल्या. काजल नळी जोडत होती आणि कडी लावायची राहून गेली होती. कमलाबाई घामाने निथळताहेत हे पाहून तानाबाईंनी मायेने माझं बटण दाबलं. मी फिरू लागलो. मला स्वतःहून थांबता येत नाही, याचं एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी पोटातून पाणी गढूळ आलं, म्हणजे आत जंतुसंसर्ग झाला होता. कमलाबाई वेदनेने कळवळत होत्या. माझ्या वाऱ्याने झालं की आणखी कशाने, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. औषधांनी नळी वाचली. पुन्हा असं झालं तर ती काढावी लागेल, असं ते म्हणाले. मुलगा धम्मदीप धास्तावला. परत मशीनवरच जाऊ, म्हणून आईच्या मागे लागला.

"मशीनवर जीव राह्यते बापू, पन मानूस उरत नाई," कमलाबाई म्हणाल्या. "मले घरीच राहू दे. दार लावून घेत जा, कोनी बी येवो."

भेटायला आलेल्या माणसासमोर दार लावणं गावात सोपं नसतं. लोक काजलला नावं ठेवू लागले. पुढची पिशवी स्वच्छ येईल ना, ही धाकधूक तर रोजचीच.

काल तानाबाई पुन्हा आल्या. दाराला आतून कडी होती. त्या तापलेल्या ओट्यावर बसून राहिल्या. मागून आलेली एक शेजारीण दार ठोठावणार, तोच त्यांनी तिचा हात धरला.

"थांब वं माय. आत पिशवी चालू हाये. मीबी बाहेरच बसली."

मित्रांनो, आजारी माणसासाठी काही करण्याआधी घरच्यांना विचारत जा. ते थांबा म्हणाले, तर रागावू नका. आत कमलाबाई घामाने भिजतात, मला वारा घालावासा वाटतो, आणि तरीही मी बंद राहतो.