खडखड येईपर्यंत

दुपारी चार वाजता मावशी दंतवैद्याला शेजारी बसवून गाडी घेऊन निघाली. गाडी कोपऱ्यावर वळली आणि लंबू म्हणाला, “एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

लंबू हा भाचीचा नवरा, आणि भाची ही मावशीच्या गाडीची मेकॅनिक. ती गॅरेजात शीळ घालत पान्हा पुसत होती.

गाडी जुनी आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत नखरेल. तिला जास्त ऑक्टेनचं भारी पेट्रोलच मानवायचं. जवळपास ते मिळेनासं झालं, तेव्हापासून साध्या पेट्रोलवर चढ लागला की इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखं खडखडायचं. गाडी विकत मागणारा दंतवैद्य त्यावरून टोमणे मारायचा. मावशी वैतागली आणि त्याला बोलून बसली, “टेकडीपलीकडच्या पंपावर तुमच्यासमोर साधं पेट्रोल भरते. परतीच्या चढावर एकदा जरी खडखडली, तर किल्ली तुमची.”

भाची याच गाडीवर चालवायला शिकली होती. गाडी जाणार म्हटल्यावर तिला रात्रभर झोप नव्हती.

सकाळपासून ती टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी कधी पडायची ते, लावत होती. ठिणगी लवकर पडली की जोर वाढतो, पेट्रोलला झेपेल त्याहून लवकर पडली की खडखड येते; म्हणून रीत सरळ होती. ठिणगी जरा लवकर पडेल असं करायचं, गाडी चढावर न्यायची, कान द्यायचा. खडखड येईपर्यंत पुढे सरकवत जायचं, मग केसभर मागे. पण खडखड येईचना! आणखी पुढे. तरी नाही. शेवटी गाडी अशी सुसाट सुटली की लंबूची टोपी खिडकीतून उडाली, आणि भाचीने गॅरेजात पान्हा नाचवत गिरकी घेतली.

“सांग की,” ती म्हणाली.

“काल शहरातून दोन कॅन भारी पेट्रोल आणलं. पहाटे टाकीत ओतलं. तुझा चेहरा बघवेना गं.”

शीळ थांबली. “म्हणजे मी भारीवर टायमिंग लावलं? आणि मावशी आता त्यात साधं भरणार?”

“भारी उरलंय की थोडं.”

“किती?”

“मला काय विचारतेस? सकाळभर तूच उधळलंस!”

भाचीने ओरडायला तोंड उघडलं, पण बाहेर हसूच आलं. मावशीला फोन लावला, तो गॅरेजातल्या स्टुलावर वाजला. मग दोघांनी स्कूटर काढली.

“गाठली तर एक नट ढिला करायचा, केसभर मागे घ्यायचं, झालं,” भाची मागून ओरडली.

“दंतवैद्यासमोर?”

“त्याला म्हणावं, डोळे मिटा आणि आ करा!”

लंबू इतका हसला की स्कूटर गटाराच्या कडेने गेली. अर्ध्या चढावर स्कूटरच खडखडायला लागली. भाची उतरून मागून ढकलू लागली. हसून हसून तिच्या पोटात दुखत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

टेकडीच्या माथ्यावर पोचून दोघांनी पलीकडे पाहिलं. मावशी पंपावरून कधीच निघाली होती. गाडी चढ चढत होती. दंतवैद्याने खिडकीतून मान बाहेर काढून कानामागे हात धरला होता.

मावशीला माथ्यावरचे दोघे दिसले. तिने हॉर्न वाजवला, हात हलवला आणि गाडीचा जोर दाखवायला ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

“अगं, नको!” भाची किंचाळली.

सगळ्यात उभा चढ शेवटच्या वळणानंतर होता. पाचला दहा मिनिटं असताना गाडी त्या वळणावर आली. तोवर खडखड नव्हती.